तात्यांच्या नंबरावरचं गाठोडं

लोकांच्या फाइली इंटरनेटवर सांभाळून ठेवणाऱ्या गाठोडं कंपनीत रुचिराला सगळे ‘बर्फाची पिशवी’ म्हणत. गिऱ्हाईक कितीही तापलेलं असो, त्याचा फोन तिच्या टेबलावर फिरवला की थोड्याच वेळात पलीकडचा माणूस ‘बरं ताई, बघा जरा’ म्हणत नरमायचा. कुणाला मुलीच्या बारशाचे फोटो सापडत नसत, कुणी पासवर्ड विसरलेला असे, कुणाला आपल्या फाइली ढगात म्हणजे नेमक्या कुठे आहेत हेच जाणून घ्यायचं असे. रुचिरा प्रत्येकाशी अशी बोले, की जणू त्या फाइली तिनेच घडी घालून कपाटात ठेवल्यात. वाकोल्याच्या चाळीत वाढलेल्या या मुलीला आवाज चढवता येत नाही असं मात्र कुणी समजू नये. चाळीत नळावर ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

त्या शुक्रवारी बर्फाचं पाणी झालं होतं. संध्याकाळी सहा वाजता कंपनीचे सर्व्हर कायमचे बंद व्हायचे होते. ज्याचं जे ठेवलेलं असेल ते त्याने तोवर काढून घ्यायचं, नाहीतर गेलं. चकाल्याच्या कचेरीत अर्ध्या खुर्च्या आधीच रिकाम्या होत्या, आणि सकाळी ती पोचते न पोचते तोच वडिलांचा फोन आला.

“रुचिरा, गाऱ्हाणां गावलां काय गो?”

“बघतेय, बाबा.”

“बघतंय बघतंय करून दिवस जातलो. सुयोग हयसर कपाळाक हात लावन बसलोहा.”

दत्ताराम म्हणजे तिचे वडील. गिरणी बंद पडल्यावर विमानतळावर सिक्युरिटीत लागले, तिथून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून रेवाळे ग्रामस्थ मंडळ, मुंबई, हाच त्यांचा संसार. शिमग्याला रेवाळ्यात पालखी उठायच्या आधी मानकऱ्याने देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचं असतं. साऱ्या गावाच्या वतीने देवाशी बोलायचं, शिवेवरच्या, पाण्यातल्या, वाटेवरच्या सगळ्या देवांना नाव घेऊन हाक मारायची, एकालाही वगळायचं नाही. त्याशिवाय पालखी जागची हलत नाही. हा मान बुधाजी तात्यांचा. तात्या आषाढात गेले. आता मान आला त्यांच्या मुलाकडे, सुयोगकडे, जो गोरेगावच्या स्टुडिओत सेटचं सामान वाहणारा टेम्पो चालवतो आणि ज्याला गाऱ्हाण्याची सुरुवात सोडली तर पुढचं काही येत नव्हतं.

तात्यांनी आजारपणात ते सगळं सुयोगच्या फोनवर म्हणून ठेवलं होतं. सुयोगने ते मंडळाच्या गाठोड्यात टाकलं, आणि फोन भरला म्हणून फोनमधून उडवलं. शिमगा आठवड्यावर आला होता. जगात त्या गाऱ्हाण्याची एकच प्रत होती आणि ती कुलूपबंद होती.

कुलूप कसं लागलं ते ऐकण्यासारखं आहे. मंडळाला गाठोड्यात आणलं रुचिरानेच. नवी कंपनी होती, प्रत्येकाने ओळखीतली माणसं जोडून द्यायची होती. दत्तारामांनी सभेत ठराव केला, आणि खातं कुणाच्या फोन नंबरवर उघडायचं असा प्रश्न आला तेव्हा प्रश्नच आला नाही. पहिला नारळ मानकऱ्याचा, पहिली पत्रिका मानकऱ्याला, तेव्हा पहिला ओटीपीही मानकऱ्याच्याच नंबरवर. तात्यांकडे बटणांचा फोन होता आणि त्यांना आलेला मेसेज वाचता येत नसे, हे कुणाच्या मनातही आलं नाही. पासवर्ड ठेवला ग्रामदेवतेच्या नावाचा आणि तो अख्ख्या गावाला सांगितला. देवाचं नाव काय लपवून ठेवायचं असतं?

तर रुचिराने बुधवारी मंडळाच्या ग्रुपवर आठवण टाकली की आपापले फोटो काढून घ्या. झालं. विरार ते लालबाग जिथे जिथे रेवाळ्याचा माणूस होता तिथून तो त्या एका खात्यावर तुटून पडला. गाठोड्याच्या यंत्राने पाहिलं की एकच खातं एकाच वेळी शेकड्याने फोन उघडताहेत. यंत्राला वाटलं दरोडा पडला. त्याने सगळ्यांना बाहेर काढून कडी लावली. आता कडी उघडायची तर नोंदलेल्या नंबरवर जाणारा ओटीपी हवा, आणि नोंदलेला नंबर तात्यांचा.

कंपनी का बुडाली असं कुणी विचारलं तर देवदत्त, म्हणजे तिचा मालक, मोठ्या कंपन्यांकडे बोट दाखवी. त्यांचं कपाट फोनसोबतच येतं, माणूस फोन विकत घेतो तेव्हा ते आत बसवलेलंच असतं, मग आपल्याकडे येणार कोण? ते खोटं नव्हतं. देवदत्त प्रामाणिक माणूस होता, जागा मोठ्यांपेक्षा जास्त देत होता आणि वेगही कमी नव्हता. पण त्याने गाठोडं बांधलं ते एका माणसासाठी. एक माणूस, एक फोन, एक खातं. आपल्याकडे असं एकटं माणूस राहतं कुठे? बायकोचे फोटो नवऱ्याच्या खात्यात, क्लासच्या सगळ्या मुलांच्या नोट्स एकाच्या खात्यात, भजनी मंडळाचं सगळं बुवांच्या खात्यात. मोठ्यांनी हे ओळखलं. एकाने दुसऱ्याला फाइल दाखवायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत त्यांनी माणसं जोडली. देवदत्तने तीच माणसं दरोडेखोर म्हणून बाहेर काढली. रुचिराने मीटिंगमध्ये दोनदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, “त्यांनी प्रत्येकाने वेगळं अकाउंट काढावं ना, तेवढेच आपले युजर वाढतील.” माणसांनी वेगळं अकाउंट काढलं, पण ते दुसरीकडे.

ती शौनककडे गेली. यंत्राचं सगळं तोच बघायचा, आणि शेवटच्या दिवशी बुडत्या जहाजावर उरलेल्या दोघा-तिघांपैकी तो एक होता.

“आतून उघड ना रे.”

“नाही उघडत. आपणच जाहिरात केली होती, तुमचं गाठोडं आम्हालाही सोडता येत नाही. खरंच नाही सोडता येत.”

“मग नंबर बदल. माणूस वारलाय तो.”

शौनकने मान हलवली. “नंबर बदलायची सोय पुढच्या व्हर्जनला होती. ते व्हर्जन आलंच नाही ना यार.”

म्हणजे गिऱ्हाईक मरू शकतं याचा विचारच गाठोड्यात कुणी केला नव्हता. रुचिराला हसावं की रडावं कळेना. तिने तात्यांच्या घरी फोन करून त्यांचं सिमकार्ड विचारलं. ते होतं, देव्हाऱ्यात, तात्यांच्या चष्म्याशेजारी. पण तात्या गेल्यावर त्यात कुणी रिचार्ज मारलं नव्हतं. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. तिने तात्यांचा नंबर फिरवला. रिंग गेली, म्हणजे नंबर दुसऱ्या कुणाकडे गेला होता.

“हॅलो, कोण?” बाईचा आवाज होता, वयस्क, स्वच्छ.

“नमस्कार मॅडम, मी गाठोडं कंपनीतून रुचिरा बोलतेय. तुमच्या नंबरवर एक ओटीपी येईल, तो जर तुम्ही मला—”

“हो का? आणि मग तो मी तुला सांगायचा. छान.” फोन कट. पुन्हा लावला तर नंबर ब्लॉक झालेला होता.

रुचिरा फोनकडे बघत राहिली. ती वाक्यं तिने जशीच्या तशी कुठेतरी ऐकली होती. पोलिसांच्या जाहिरातीत ऐकली होती, भामटे असंच बोलतात म्हणून.

मग तिने जे केलं ते तिला स्वतःला आवडलं नाही. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये तो नंबर टाकला, तर नाव आलं, सुनंदा विद्याधर आठल्ये. ते नाव इंटरनेटवर शोधलं, तर ‘आठल्ये बाईंचा गणिताचा क्लास, दहावी, बोरीवली पूर्व’, खाली सोसायटीचं नाव. अनोळखी बाईच्या दाराचा पत्ता तिच्या हातात आला तेव्हा जेवणाची सुट्टीसुद्धा झाली नव्हती. ज्यांना आपण रोज शिव्या घालतो त्यांचं काम इतकं सोपं आहे, हे तिला तेव्हा कळलं. तिने पर्स उचलली आणि गुंदवलीहून मेट्रो पकडली.

मेट्रोत ती मनात वाक्यं जुळवत होती. मॅडम, गैरसमज करून घेऊ नका. नको, हेच तर ते म्हणतात. मॅडम, घाई आहे. नको, तेही हेच म्हणतात. खरं सांगायचे जेवढे शब्द होते ते सगळे चोरांनी आधीच वापरून उष्टे केले होते. देवीपाड्याला उतरली तेव्हा तिच्याजवळ एकही धड वाक्य नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. आतलं दार उघडलं, जाळीचं तसंच राहिलं. जाळीपलीकडे केस पांढरे, चष्मा, हातात खडू असलेली बाई.

“क्लास पाचला असतो.”

“मी क्लाससाठी नाही आले. सकाळी फोन केला होता तो मीच.”

सुनंदाबाईंचा चेहरा आवळला. “पत्ता कुठून मिळाला?”

रुचिराने खरं ते सांगितलं. सांगताना तिचे कान तापले. आतून पुरुषाचा आवाज आला, बारीक आणि घाबरलेला. “सुनंदा, दार उघडू नकोस. वॉचमनला बोलाव.”

“बोलावते,” बाई म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. “तुला सांगते मुली, तू चुकीच्या घरी आलीस. गेल्या वर्षी ह्यांना असाच फोन आला. माणूस व्हिडिओवर युनिफॉर्म घालून बसला होता. दोन दिवस ह्यांना खोलीत कोंडून ठेवलं फोनवरच्या फोनवर. आयुष्यभराची पुंजी गेली. तेव्हापासून हे फोनला हात लावत नाहीत. जुना नंबर टाकून हा नवा घेतला तो त्याच भीतीने. आणि या नंबरवर पहिला ओटीपी मागायला तू.”

रुचिराने ओळखपत्र जाळीला लावलं. आतून पुन्हा आवाज आला. “ओळखपत्र त्याच्याकडेही होतं.”

तिने ओळखपत्र पर्समध्ये टाकलं. सहा वर्षं लोकांना फोनवर सांगितलं होतं की आमच्यावर विश्वास ठेवा, आणि आज समोर उभं राहून तो मागता येत नव्हता.

“त्या खात्यात आहे काय एवढं?” बाईंनी विचारलं.

“आमच्या गावचं गाऱ्हाणं. तुमचा हा नंबर आधी आमच्या तात्यांचा होता. त्यांनी म्हटलेलं आहे. ते वारले. दुसऱ्या कुणाला येत नाही. संध्याकाळी सहाला पुसलं जाणार.”

“गाऱ्हाणं म्हणजे कोकणात देवापुढे म्हणतात ते? म्हणून दाखव.”

रुचिराने चपला काढल्या. का काढल्या ते तिला सांगता आलं नसतं. जाळीसमोर हात जोडून ती म्हणाली, “बा देवा म्हाराजा, आज ह्या रेवाळ्याची समस्त लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत रे म्हाराजा. शिवेवरच्या देवा, तुका हाक मारतंव...” आणि थांबली.

“पुढे?”

“पुढचं नाही येत.”

“नाही येत म्हणजे?”

“पुढचं त्या फाइलमध्ये आहे.”

आत पंख्याचा आवाज येत होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला आणि बंद केला. मग पावलं वाजली आणि जाळीच्या मागे विद्याधर येऊन उभे राहिले, दाढी वाढलेली, सदरा ढगळ झालेला. त्यांनी रुचिराला नखशिखान्त पाहिलं.

“सुनंदा, उघड दार.”

“अहो, पण—”

“त्या माणसाला सगळं येत होतं,” विद्याधर म्हणाले. “मी काहीही विचारलं की उत्तर तयार. कलम विचारलं, कलम सांगितलं. साहेबाचं नाव विचारलं, नाव सांगितलं. एकदाही अडला नाही. ही अडली.”

दार उघडलं. रुचिराने फोन काढला आणि मंडळाच्या खात्यावर ‘ओटीपी पाठवा’ दाबलं. सुनंदाबाईंचा फोन टेबलावर थरथरला. त्यांनी मेसेज मोठ्याने वाचला, वर्गात वाचावा तसा. “हा क्रमांक कोणालाही सांगू नका. गाठोडं कंपनीचे कर्मचारी तो कधीही विचारत नाहीत.” वाचून चष्म्यावरून पाहिलं.

“ते वाक्य मीच लिहिलंय,” रुचिरा म्हणाली.

“चांगलं लिहिलंयस. मग आता?”

मार्ग विद्याधरांनीच काढला. “तिला सांगू नकोस. तिचा फोन घे आणि तूच टाक.”

सुनंदाबाईंनी रुचिराचा फोन घेतला, पाठ वळवली, आणि एकेक आकडा न उच्चारता टाकला. कडी उघडली. शिमग्याचे फोटो, पूजेचे फोटो, कुणाच्या तरी म्हशीचा फोटो, आणि सगळ्यांत खाली सुयोगने ठेवलेला आवाज. रुचिराने डाउनलोड दाबलं. पडद्यावरचा गोल फिरायला लागला आणि अर्ध्यावर येऊन अडला. शेवटच्या दिवशी सगळी गिऱ्हाइकं आपापलं काढत होती, चाळीत पाणी जायच्या वेळी सगळ्यांनी एकदम नळ सोडावेत तशी धार बारीक झाली होती. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा अडला. चार वाजून गेले. विद्याधर उठले, वायफायचा डबा काढून खिडकीत ठेवला, परत येऊन बसले. कुणी चहाचं विचारलं नाही. क्लासची मुलं यायला लागली तशी बाईंनी त्यांना दारातच थांबवलं आणि गच्चीवर पिटाळलं.

पाच वाजून गेल्यावर कधीतरी गोल पुरा झाला. रुचिराने तीन ठिकाणी ती फाइल पाठवली, बाबांना, शौनकला आणि स्वतःला, आणि मगच श्वास सोडला.

“लाव तर खरं,” विद्याधर म्हणाले. “नंबर आमचा वापरलास, आम्हाला ऐकू दे.”

तात्यांचा आवाज खोलीत आला, खोकल्याने खरखरीत झालेला, पण ठाम. एकेका देवाला हाक मारत ते शीव चढले, पाणंदीची वाट उतरले, वहाळाचं पाणी ओलांडून गेले. प्रत्येक हाकेनंतर ते थांबत. गावात तिथे सगळी माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. फाइलमध्ये तिथे काहीच नव्हतं, आजाऱ्याच्या खोलीतली शांतता होती. “जी कोण पोटापाण्यासाठी मुंबैक गेली हत,” तात्या म्हणाले, “जंय असतीत थंय तेंका सांभाळून घे रे म्हाराजा.” आणि थांबले. रुचिरा हळूच म्हणाली, “व्हय म्हाराजा.” तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

गाऱ्हाणं संपलं असं वाटलं तरी फाइल चालूच होती. पलंग करकरला, पाणी प्यायल्याचा आवाज आला. मग तात्या साध्या आवाजात म्हणाले, “कळलां मां, सुयोग? आता तू म्हण बघया.”

आणि सुयोगचा आवाज, घाईतला, हसरा. “मगे म्हणतंय, तात्यानू. आता फोनात रवलां मां, खंय जाता?”

पलंग पुन्हा करकरला. मग तात्या म्हणाले, “बरां.” आणि फाइल संपली.

सुनंदाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. विद्याधर भिंतीकडे बघत होते. रुचिराने सुयोगला फोन लावला.

“मिळालां?” तो पहिल्या रिंगलाच ओरडला. “झकास. पाठव पाठव. टेम्पोत ऐकतंय, शिमग्यापर्यंत होतलां पाठ.”

“बाबांकडे पाठवलंय. पण तू टेम्पोत नाही ऐकायचं. वाकोल्याला ये, बाबांसमोर बस आणि एकेक ओळ म्हणून दाखव. आज. आत्ता.”

“अगो, आज डबल शिफ्ट हा माझी. उद्या करतंय मां. आता काय, गावलां मां एकदा...”

“सुयोग, शेवटपर्यंत ऐकलंयस ते? तात्यांनी तुला शेवटी काय सांगितलं, आठवतं?”

पलीकडे स्टुडिओतले हातोडे वाजत होते. कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने ओ दिली नाही.

“आठवता,” तो म्हणाला. आणि मग, “येतंय.”